काट्याची पावती

श्रावणात कानबाईच्या रोटांचे गहू मोजायला पुष्पाबाई बसल्या की घरातले पुरुष एकेक करून ओट्यावर सटकत. माणशी सव्वा मूठ गहू, ज्याच्या-त्याच्या नावानं. पण पुष्पाबाई नुसतं नाव घेऊन थांबतील तर त्या पुष्पाबाई कसल्या! नावाला लागून त्या माणसाचं वर्षभराचं उणंदुणंही सुपात पडायचं. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं, म्हणून पहिली मूठ "ह्यांची" म्हणून पडली आणि तिच्यामागोमाग गुडघ्याच्या तेलाची न उघडलेली बाटली निघाली. मग नीलेश, मग केळीच्या बागेतली गळकी नळी. मग जितेंद्र, त्याची सोडलेली नोकरी आणि वाढलेलं पोट.

"ज्योत्स्ना," त्या म्हणाल्या आणि थोरल्या सुनेच्या नावाची मूठ काही न बोलता टाकली. ज्योत्स्नाबद्दल बोलण्यासारखं त्यांना वीस वर्षांत काही सापडलं नव्हतं.

"मोहिनी."

मोहिनीनं वर पाहिलं. सूप धरलं होतं ज्योत्स्नानं. ज्योत्स्ना गव्हाकडेच पाहत राहिली, अगदी नीट, एखादा खडा शोधावा तशी. मोहिनीला ते बघवलं नाही.

कारण याच ओसरीत, सतरा वर्षांपूर्वी, पुष्पाबाईंनी मोहिनीचं नाव घ्यायचं गाळलं होतं. सोनगीरची मुलगी, जात वेगळी, जितेंद्रनं धुळ्याच्या कॉलेजात परस्पर पसंत करून आणलेली. तिच्या नावाचा रोट देवीपुढे करायचा की नाही यावर घरात दोन दिवस नुसती कुजबुज चालली होती. तेव्हा ही ज्योत्स्ना, जिचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जात नसे, तिनं सरळ गव्हाच्या गोणीत हात घातला आणि सव्वा मूठ सुपात टाकली. "ही माझ्या हातची. देवीले चालत नसंल तर देवी मले सांगंल," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून मोहिनी तिला अक्का म्हणू लागली आणि ते नुसतं तोंडदेखलं कधी नव्हतं.

आणि त्याच अक्कानं गेले चार महिने मोहिनीशी धड चार वाक्यं बोललेली नव्हती. भांडण नाही, आदळआपट नाही. "चहा घे." "बस कधी आली?" "हर्षालीचं बरं चाललंय." ज्याच्याशी काही नातं उरलेलं नाही अशा पाहुण्याशी आपण जसं नीट वागतो, तसं ती नीट वागत होती.

गहू मोजून झाले तसा जितेंद्र मोहिनीला गच्चीवर घेऊन गेला.

"वहिनींशी बोललीस?"

"आत्ताच तर आलोय आपण."

"मोहिनी, मंगळवारी नवी बॅच सुरू होतीये. आठवीचे पहिले दोन आठवडे सोडले तर आपल्याकडं एक पाठ तयार नाही. पालकांना काय दाखवू, तुझा फोटो?"

त्याचं खोटं नव्हतं. 'गणित आपलंसं' या त्यांच्या ऑनलाइन वर्गाचा चेहरा मोहिनी होती, पण डोकं इथं नशिराबादेत होतं, अक्काचं. लॉकडाऊनमध्ये ज्योत्स्नानं गव्हाच्या डब्याला मोबाईल टेकवून आपल्या लेकीला, हर्षालीला, आणि गल्लीतल्या चार पोरींना अपूर्णांक शिकवले होते. डी.एड. होऊन तिला नोकरी कधी मिळाली नव्हती. केळीचा घड समोर ठेवून ती फण्या मोजायची, फणीतली केळी मोजायची आणि पोरींना कळायच्या आत छेद-अंश त्यांच्या गळी उतरलेले असायचे. त्या व्हिडिओत तिचे फक्त हात दिसत. ते व्हिडिओ फिरत फिरत भुसावळला गेले, अमळनेरला गेले, आणि जितेंद्रच्या डोक्यात वर्ग काढायचं आलं. ज्योत्स्ना कॅमेऱ्यापुढे उभी राहायला तयार होईना. "मले घाम फुटतो बाई, तू बोल," म्हणाली. मोहिनी धुळ्यात समारंभांचं सूत्रसंचालन करायची, तिला बोलायला काय! अक्कानं पाठ लिहावेत, मोहिनीनं शिकवावेत, असं ठरलं. पहिली दोन वर्षं मोहिनी प्रत्येक पाठाच्या सुरुवातीला म्हणायची, "आम्ही दोघी जावा तुम्हाला आज शिकवणार आहोत." मुलं दीडशेच होती, पण पालक आवर्जून विचारायचे, दुसऱ्या बाई कुठं आहेत?

मग जितेंद्रनं कॉलेजच्या लॅबमधली नोकरी सोडली आणि दोघांनी पुण्याच्या एका सरांचं शिबिर केलं. ऑनलाइन वर्ग आत्मविश्वासानं कसा वाढवावा, तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. त्या सरांचं म्हणणं सरळ होतं. 'आम्ही' म्हणणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसत नाही, 'मी' म्हणा. शिकवण्याबद्दल कमी बोला, स्वतःबद्दल जास्त बोला. तुमची जखम दाखवा, पालक आपल्या मुलाला तुमच्या हवाली करतील.

मोहिनी दोन दिवस स्वतःची जखम शोधत बसली. सोनगीरच्या पोस्टमास्तरांची एकुलती एक मुलगी, गणितात कायम पहिली. बापानं कधी आवाज चढवला नव्हता. दाखवायला जखम आणायची कुठून?

तिसऱ्या दिवशी तिनं अक्काची वापरली.

ती गोष्ट ज्योत्स्नानं तिला एकदाच सांगितली होती, कानबाईच्या जागरणाला, बायका गाणी म्हणून दमल्यावर. ज्योत्स्नाचे वडील भादलीला कापूस पिकवायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. व्यापाऱ्याच्या काट्यावर कापूस तोलला की मिळालेली पावती ते घरी आणून पोरीच्या हातात द्यायचे, आणि ती चार माणसांसमोर वजन, त्यातून कापलेली कटती, सगळं खणखणीत वाचून दाखवायची. बापाला त्याचा भारी तोरा होता. दहावीला ती गणितात नापास झाली. बाप रागावला नाही, एक शब्द बोलला नाही. फक्त त्यानंतरची पावती त्यानं वाण्याकडून वाचून घेतली. ती दुसऱ्यांदा नापास झाली, चार मार्कांनी. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा बाप जाऊन दीड महिना झाला होता.

कॅमेऱ्यापुढे मोहिनी म्हणाली, "माझ्या बाबांनी माझ्याशी बोलणं सोडलं आणि पुन्हा कधी माझ्या हातात पावती दिली नाही." 'बाबांनी' नंतर ती दोन क्षण थांबली, सरांनी सांगितलं होतं तशी. दीड मिनिटाची जाहिरात. पंधरा दिवसांत चार लाख लोकांनी पाहिली आणि दीडशेची बाराशे मुलं झाली. त्या आनंदात मोहिनीनं अक्काला पेढे पाठवले होते. आता ते आठवलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"काय विचार करतेस?" जितेंद्रनं विचारलं. "अगं, जरा गोड बोल. वहिनी काही दगड नाहीत."

"मी तिची माफी मागितलेली नाही, जितू. चार महिन्यांत एकदाही नाही."

"माफी कसली? घरातलीच तर गोष्ट आहे. तुझं-माझं करायला आपण काय परके आहोत?"

मागच्या गुरुवारपर्यंत मोहिनी स्वतःची अशीच समजूत घालत होती. गुरुवारी सोनगीरहून तिच्या वडिलांचा फोन आला. कौतिकराव आता ऐंशीचे. कुणीतरी त्यांना ती जाहिरात मोबाईलवर दाखवली होती.

"मोहिनी," ते म्हणाले होते, "मी कवय तुनासंगे बोलनं सोडी दिन्हं व्हतं का वं?"

"नाही हो बाबा, तुम्ही कधीच बोलणं सोडलं नाहीत. जाहिरातीत असंच बोलावं लागतं."

"माले आते बठ्ठं याद नही ऱ्हास. तसं करं व्हई ते मन्ही चूक शे, बेटा. तू मनमा धरू नको."

तिनं पुन्हा नाही म्हटलं, हसून म्हटलं, पण म्हाताऱ्याच्या मनातून ते गेलं नाही. आपण पोरीला कधीतरी फार दुखावलं आणि विसरूनही गेलो, असं त्यानं स्वतःला पटवून टाकलं होतं. फोन ठेवल्यावर धुळ्यातल्या देवपूरच्या घरी, स्टुडिओ केलेल्या खोलीत, दिव्यांच्या आणि पांढऱ्या पडद्याच्या मध्ये बसून मोहिनी खूप रडली. एका वाक्यात तिनं दोन बाप खराब केले होते, एक जिवंत आणि एक मेलेला.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. भाकरी, वरण, शेवेची भाजी. वाढायला ज्योत्स्ना होती.

"मोहिनीले तूप वाढ वं जास्तीचं," पुष्पाबाई म्हणाल्या. "पोरीनं लहानपनी इतलं सोसलं, अन् मले या वयात मोबाईलात पाहून कळलं. तोंडानं कधी बोलली नाही बिचारी. मी तर शेजारच्या बेबाबाईले पन दाखवलं. ती म्हने, असा कसा गं बाप?"

ज्योत्स्नानं तूप वाढलं. चमचा सरळ, हात स्थिर.

"मोहिनी," सासरे, तोतारामनाना, म्हणाले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तर होते आणि अजूनही प्रश्न विचारण्याआधी चष्मा काढून ठेवत. "तुझे वडील पोस्टात होते ना?"

"हो, नाना."

"मग कापूस कुणाचा?"

जितेंद्र घाईनं म्हणाला, "नाना, जाहिरातीत थोडं इकडचं तिकडं करावंच लागतं. सगळेच करतात."

"सगळे करत असतील. पण भादलीच्या काट्यावर मी सोता उभा होतो. माझी बदली होती तिथं. एक माणूस पावती घेऊन वाण्याच्या दुकानात चढायचा अन् मान खाली घालून उतरायचा. मी त्याले एकदा म्हटलं, आना मी वाचतो. तर म्हने, नाही मास्तर, घरी वाचनारी आहे माझी, सध्या तिचं जरा राहिलंय." नानांनी थोरल्या सुनेकडे पाहिलं. "त्याच घरातून आपन सून आनली."

नीलेशचा हात ताटातच थांबला. तो केळीबागेतला माणूस, त्याला बोलायला वेळ लागायचा. "ज्योत्स्ना, ही तुझ्या बाबांची गोष्ट?"

तिनं नानांच्या ताटात भाकरी वाढली.

"वीस वर्षं झाली आपल्या लग्नाले. मले कधी सांगितली नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं, आणि ते ज्योत्स्नाला रागापेक्षा जड गेलं असावं, कारण तिनं पहिल्यांदाच मान खाली घातली. आपण नवऱ्याला नाही सांगितलं ते जावेला सांगितलं, आणि जावेनं जगाला. आता तो कुणावर रुसणार होता?

"अक्कांचीच आहे," मोहिनी सासूकडे वळून म्हणाली. "मी न विचारता घेतली. मी चोरली, आत्या."

"चोरली काय!" जितेंद्र उसळला. "दादा, तूच सांग, वर्ग वाढला तो कुणासाठी? वहिनींचा त्यात वाटा नाही का?"

"तुझ्या वर्गाले लागो आग," नीलेश म्हणाला. "माझ्या सासऱ्याले तू बाजारात बसवलं."

"मी बसवलं? अरे, घर चालवायला..."

"बस करा!" पुष्पाबाईंनी वाटी खाली आदळली. इतका वेळ त्या मोहिनीकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतली माया डोळ्यांदेखत आटत होती. पण जो राग निघाला तो भलत्याच ठिकाणी पडला. "ज्योत्स्ना, तू तरी तोंड उघडायचं व्हतं ना वं! चार महिने मी गल्लीभर हिचं कौतुक सांगत फिरली. आता मी बेबाबाईले काय तोंड दाखवू? झालं ते झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सोमवारी देवी पान्यात गेली म्हंजे काय भांडाचं ते भांडा."

"भाकरी करपते," ज्योत्स्ना म्हणाली आणि आत गेली. नानांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

रविवारी घरभर कामाची झुंबड होती. पुढच्या खोलीत पाटावर कानबाईचा नारळ मांडला होता, नथ घातलेला, खणानं सजवलेला. बायका येत-जात होत्या. ज्योत्स्ना मागच्या दारी लाल भोपळा चिरत बसली होती. मोहिनी दुसरी विळी घेऊन तिच्यासमोर बसली.

"अक्का, माझी चूक झाली."

"हं."

"मी आधीच बोलायला हवं होतं."

"तू मले तीनदा फोन केला," ज्योत्स्ना म्हणाली. विळीवरची नजर तिनं हलवली नाही. "तिन्ही वेळा नवीन पाठाचंच विचारलं. मी दर वेळी वाट पाहिली. म्हटलं, आता बोलंल."

तिन्ही फोन मोहिनीला आठवत होते. तिसऱ्या वेळी तर ती अपराधी वाटून बोलायला लागलीच होती, आणि तेवढ्यात तिनं बहुपदींचं विचारून टाकलं होतं. चार लाख लोकांपुढे बोलायची जिला भीती वाटली नाही तिला एका बाईपुढे बोलता आलं नव्हतं.

"पाठ दिले होते मी तुले," ज्योत्स्ना म्हणाली. "ते तुझ्या नावावर खपले, मले त्याचं काही नाही वाटलं. मीच म्हटलं होतं, तू बोल. पन बाप नव्हता दिला, मोहिनी."

"अक्का..."

"अन् घेतला तर घेतला, पुरता तरी घ्यायचा होता. खिशातल्या पावत्या कुठं टाकल्या तू?"

मोहिनीनं विळी बाजूला सारली. खिशातल्या पावत्या. त्या जागरणाच्या रात्री गोष्टीचा शेवट तोच होता. बाप गेल्यावर त्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात त्या हंगामातल्या शेवटच्या सहा पावत्या सापडल्या होत्या, घडी घातलेल्या. वाण्यानं सांगितलं, या माझ्याकडं आणल्याच नाहीत त्यांनी. पोरगी पास झाली की तिच्याकडून वाचून घ्यायच्या म्हणून त्यानं त्या जपून ठेवल्या होत्या. हे सांगताना ज्योत्स्ना हसली होती, डोळे भरून हसली होती. तिची गोष्ट रुसलेल्या बापाची नव्हतीच, वाट पाहणाऱ्या बापाची होती. पण पुण्याचे सर म्हणाले होते, दीड मिनिटात दोन शेवट बसत नाहीत, दुखरा ठेवा. आणि मोहिनीनं स्वतःच्या हातानं त्या सहा पावत्या कापून टाकल्या होत्या.

"लोक म्हनतात, असा कसा गं बाप," ज्योत्स्ना म्हणाली. "आत्याही म्हनतात. माझा बाप तसा नव्हता."

"मी खरं सांगते सगळ्यांना. आजच. व्हिडिओ करते, तुमचं नाव घेते, माफी मागते."

"म्हंजे अजून एक व्हिडिओ."

"पण लोकांना कळायला नको?"

"कोनाले कळून काय करू मी?" तिनं पहिल्यांदा मोहिनीकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. "तू रडशील, लोक तुले म्हनतील, किती मोठं मन. अजून दोनशे पोरं येतील. नको. माझ्या बापाले पुन्हा काट्यावर नको चढवू. वैशाखात त्यांचं श्राद्ध होतं. मी हर्षालीले सांगाले बसली, तुझ्या आजोबांची पावतीची गोष्ट. तर म्हने, आई, ही तर काकूची आहे." ती थांबली. "बाकी मले काही नको. तेवढं तिचं नीट कर, जमलं तर."

मोहिनी तशीच उठली. ओट्यावर जाऊन तिनं जाहिरात काढून टाकली, जितेंद्रच्या देखत.

"वेडी झालीस?" तो म्हणाला. "परवा बॅच आहे! आणि काढून उपयोग काय? शंभर ग्रुपवर फिरतीये ती. कुठं कुठं जाऊन काढशील?"

"माहिती नाही."

"आणि पाठ?"

"पाठ मागायचे नाहीत. मला जमतील तसे मी लिहीन, नाही जमले तर वर्ग बंद."

"मी नोकरी सोडलीये, मोहिनी." त्याचा आवाज एकदम लहान झाला. तो काही वाईट माणूस नव्हता, नुसता घाबरलेला माणूस होता, आणि त्या क्षणी तिला त्याची कीव आली. पण ती त्याच्याजवळ बसली नाही.

हर्षाली माडीवर होती, आरशापुढे, केसांत गजरा माळायच्या खटपटीत. चौदा वर्षांची, आईसारखीच सडसडीत. मोहिनीनं तिच्या हातातून गजरा घेतला.

"हर्षू, मोबाईलवर मी एक गोष्ट सांगितली होती ना, पावतीची? ती माझी नाही बरं का. तुझ्या आईची आहे. ते बाबा म्हणजे तुझे भादलीचे आजोबा."

"माहितीये मला," हर्षाली म्हणाली. "आईनं सांगितलं. पण आई सांगते ना, तेव्हा लांबते खूप. मधेच कटती म्हणजे काय ते समजावते, मग वाण्याचं दुकान कुठं होतं ते. तुमची छान आहे. आमच्या वर्गात भाषण होतं तेव्हा मी तुमचीच सांगितली. सगळ्या मुली रडल्या."

मोहिनीनं गजरा खाली ठेवला. "अगं, पण आजोबा माझ्या गोष्टीतल्यासारखे नव्हते. ते रागावले नव्हते."

"मग बोलायचे का बंद झाले?"

"बस इथं. मी सांगते तुला, पहिल्यापासून."

आणि ती सांगू लागली. मनापासून सांगत होती, काही लपवायचं नव्हतं की विकायचं नव्हतं. भादली सांगितली, कापसाची गाडी सांगितली, व्यापाऱ्याचा काटा, चार माणसांत खणखणीत वाचणारी पोरगी. हर्षाली गजरा विसरून ऐकत होती. नापास झाल्याचा दिवस आला. "आणि मग आजोबांनी..." मोहिनी म्हणाली, आणि दोन क्षण थांबली.

हर्षालीचे डोळे भरून आले, अगदी जिथं यायला हवे तिथं.

ते पाहिलं आणि मोहिनीला स्वतःचा आवाज ऐकू आला. तोच होता, स्टुडिओतला. तोच खाली उतरलेला सूर, तेच थांबणं. तिनं मुद्दाम केलं नव्हतं. तिला आता ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या आवाजात सांगताच येत नव्हती.

दारात ज्योत्स्ना उभी होती. आरतीला बोलवायला वर आली असावी, हाताला अजून रोटाचं पीठ होतं. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"पुढचं तुझी आई सांगेल," मोहिनी कशीबशी म्हणाली. "अक्का, पावत्यांचं तुम्ही सांगा ना. माझ्याच्यानं नीट होत नाही."

ज्योत्स्नानं लेकीच्या भरल्या डोळ्यांकडे पाहिलं. या गोष्टीला लेकीचे डोळे तिच्यापुढे कधी असे भरले नव्हते. तिनं ओठ उघडले, काहीतरी म्हणणार होती, आणि मिटले.

"सांग तूच," ती म्हणाली. "तुझं चांगलं चाललं होतं."

जिना उतरताना तिची पावलं वाजली नाहीत. खाली बायकांनी आरतीला सुरुवात केली होती.

"काकू, मग काय झालं?" हर्षालीनं डोळे पुसत विचारलं.